अँटिबायोटिक किती दिवस घ्यायचं? ‘कोर्स पूर्ण करा’ एवढंच छापणं पुरेसं आहे का?

निर्मळ

नमस्कार. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत लोकांच्या हाती द्यायचं एक पानी पत्रक नव्याने लिहायचंय. जुन्या पत्रकात ठळक ठशात एक ओळ आहे: ‘बरं वाटलं तरी अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करा, नाहीतर जंतू औषधाला दाद देणार नाहीत.’ घोडं अडलंय ते इथेच. गेल्या काही वर्षांतले अभ्यास वाचले तर १४ दिवसांचे कोर्स ७ वर आलेले दिसतात, १० चे ५ वर, काही ठिकाणी तर ३ वर. म्हणजे जास्त दिवस घेतलं की जास्त चांगलं, हे गृहीतकच डळमळीत झालंय. पण ही ओळ काढली आणि लोकांनी ताप उतरल्याबरोबर गोळ्या बंद केल्या तर?

मला तीन गोष्टी नीट कळायला हव्यात. नेहमीच्या संसर्गांना आज किती दिवस दिले जातात आणि का. ‘दाद देणार नाहीत’ हे शास्त्राला धरून आहे का. आणि लोक घरी मोजण्यात, घेण्यात कुठे चुकतात. पत्रक मोठ्यांसाठीही आहे आणि लहान मुलांच्या आईवडिलांसाठीही.

सातवा_मजला

त्या ओळीचे दोन तुकडे करा. ‘सांगितलेत तितके दिवस घ्या’ हा ठेवा. ‘नाहीतर जंतू दाद देणार नाहीत’ हा काढा. नेहमीच्या संसर्गांत तो खरा नाही, आणि का ते इथले सूक्ष्मदर्शी माझ्यापेक्षा नेमकं सांगतील. जुन्या पत्रकात जे नाहीच ते मात्र घाला: दिवस ठरतात ते संसर्ग कुठे आहे, औषध कोणतं आहे आणि आजार कोणाला झालाय यावरून.

लघवीच्या संसर्गावर जरा जास्त लिहितो, कारण तिथे हे सगळं एकाच ठिकाणी दिसतं. गरोदर नसलेली, एरवी धडधाकट बाई. ताप नाही. लघवीला जळजळ, सारखी घाई, ओटीपोटात दुखतंय. म्हणजे संसर्ग मूत्राशयापुरता आहे. नायट्रोफ्युरँटॉइनची हळूहळू सुटणारी १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा दिली तर ५ दिवस पुरतात. ट्रायमेथोप्रिम-सल्फामेथॉक्साझोल दिलं आणि जंतू त्याला दाद देणारे असले तर ३ दिवस. फॉस्फोमायसिन दिलं तर ३ ग्रॅमचं एक पाकीट, एकदाच. आजार तोच, आकडे तीन. म्हणून ‘शेजारणीला ५ दिवस दिलं होतं, मला एकच डोस कसा’ या शंकेचं उत्तर पत्रकात असायला हवं.

फॉस्फोमायसिनचं पाकीट रात्री झोपण्याआधी लघवीला जाऊन येऊन मग घेतलेलं बरं. अर्ध्या पेल्यापेक्षा थोड्या जास्त गार पाण्यात ढवळून लगेच प्यायचं. गरम पाणी वापरायचं नाही. औषध मग रात्रभर मूत्राशयात साठून राहतं. डोस एकच असला तरी जळजळ जायला दोन-तीन दिवस लागतात. ‘पाकीट घेतलं, काही फरक नाही’ म्हणून दुसऱ्याच दिवशी नवं औषध सुरू करून घेणारे बरेच असतात. ताप आला नसेल तर तेवढी वाट पाहायलाच हवी.

आता त्याच बाईला हुडहुडी भरून ताप आला, कुशीत कळ यायला लागली, उलट्या झाल्या, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढलाय. इथे नायट्रोफ्युरँटॉइन ५ च्या जागी १५ दिवस घेतलं तरी उपयोग नाही. ते लघवीत भरपूर उतरतं, पण मूत्रपिंडाच्या पेशीजालात पुरेसं पोचतच नाही. फॉस्फोमायसिनच्या पाकिटाचंही तेच. इथे औषध बदलावं लागतं. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिनला जंतू दाद देत असले तर ५ ते ७ दिवस, बाकीच्या बहुतेक औषधांना ७ दिवस, आणि उतार सावकाश पडत असेल किंवा मुतखड्यासारखा अडथळा असेल तर जास्त.

पुरुषांचं आणखी वेगळं. ताप नसलेल्या पुरुषांत ७ आणि १४ दिवसांची तुलना करणारी चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. ७ दिवस पुरले. पण ताप असलेल्या पुरुषांतली फ्रान्समधली चाचणी २०२३ मध्ये आली, ऑफ्लॉक्सासिनचे ७ दिवस विरुद्ध १४ दिवस. तिथे ७ दिवस स्पष्टपणे कमी पडले. तापाबरोबर बहुधा प्रोस्टेट ग्रंथीही सापडलेली असते आणि तिच्यात औषध सहज शिरत नाही. कोर्स छोटे करण्याच्या बाजूने मी ठामपणे आहे, पण ही दुसरी चाचणी विसरून चालणार नाही.

एक मुद्दा लोकांना सांगायचा राहून जातो: त्रास काहीच नाही, फक्त तपासणीत लघवीत जंतू सापडले, तर औषध लागत नाही. अपवाद गरोदरपणाचा, आणि मूत्रमार्गाच्या रक्तस्राव होऊ शकेल अशा शस्त्रक्रियेआधीचा. त्रास थांबल्यावर ‘खात्रीसाठी’ पुन्हा कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) करण्याचीही गरज नसते, गरोदर बाई सोडून.

न्यूमोनियात किमान ५ दिवस हा बरीच वर्षं पाया धरलेला आकडा. पण बंद करताना दिवसांपेक्षा माणसाकडे बघायचं: दोन दिवस ताप ३७.८ सेल्सिअसच्या खाली, नाडी १०० च्या आत, श्वास मिनिटाला २४ पेक्षा जास्त नाही, रक्तदाब नि ऑक्सिजन ठीक, तोंडाने खातोय, शुद्धीवर नीट आहे. २०२१ च्या फ्रान्समधल्याच एका चाचणीत रुग्णालयात भरती असलेल्या, पण तिसऱ्या दिवशी या कसोट्यांना उतरलेल्या लोकांचं औषध ३ दिवसांवर थांबवलं आणि ८ दिवसांवाल्यांशी ताडून पाहिलं. ३ दिवसांवाले मागे पडले नाहीत. अतिदक्षता विभागातले रुग्ण त्यात नव्हते, हे ध्यानात ठेवा. आणि खोकला, थकवा हे जंतू मेल्यावरही काही आठवडे राहतात, एक्स-रेवरचा डाग तर महिना-दीड महिना सुद्धा. ‘अजून खोकतोय, आणखी ५ दिवस चालू ठेवू’ हे त्यामुळेच चुकतं.

त्वचेच्या पसरत्या संसर्गाला, पाय लाल, गरम, सुजलेला असतो त्याला, ५ दिवस. उतार नसेल तर पुढे. पहिल्या दिवशी लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारून वेळ लिहून ठेवा. पहिल्या २४ ते ४८ तासांत लाली रेघेबाहेर थोडी सरकू शकते, तेवढ्यावर घाबरू नये. ताप, ठणका, गरमपणा कमी होतोय का ते बघायचं. पाय उशीवर उंच ठेवला नाही तर गोळ्या बरोबर असूनही सूज हटत नाही. आणि गळू असेल, आत पू असेल, तर आधी निचरा. पू तसाच ठेवून गोळ्यांचे दिवस वाढवणं व्यर्थ आहे.

सायनसचा जंतूंचा संसर्ग खरंच असेल तर ५ ते ७ दिवस. १० दिवसांत उतारच नाही किंवा बरं होत आलेलं पुन्हा उसळलं, तर तशी शंका घ्यायची. एरवीची सर्दी आणि छातीतला साधा खोकला यांना शून्य दिवस.

सूक्ष्मदर्शी

‘दाद देणार नाहीत’बद्दल.

जुनी कल्पना अशी: औषध लवकर थांबवलं की अर्धमेले जंतू मागे उरतात, ते औषध पचवायला शिकतात आणि बळकट होऊन परततात. क्षयरोगात याला आधार आहे. तिथे जंतू सुस्त पडून राहतात, औषधाला दाद न देण्याचा बदल त्याच जंतूंमध्ये उपचार चालू असतानाच होतो आणि तेच जंतू पुढच्या माणसाकडे जातात. म्हणून चार औषधं एकत्र आणि साधारण ६ महिने. टीबीच्या गोळ्यांबद्दलची ओळ तुमच्या पत्रकात वेगळी, ठळक आणि बिनशर्त हवी. ती या सगळ्या चर्चेत वाहून जाऊ देऊ नका.

पण घसा, लघवी, फुफ्फुस, त्वचा यांच्या नेहमीच्या संसर्गांत प्रतिरोध, म्हणजे जंतूंचं दाद न देणं, वाढतो तो मुख्यतः दुसऱ्या वाटेने. गोळी फक्त मूत्राशयात जात नाही. आतड्यात, त्वचेवर, नाकात-घशात जे जंतू एरवी निमूटपणे राहतात त्या सगळ्यांवर ती पडते. दाद देणारे मरतात, न देणारे उरतात आणि मोकळ्या जागेत वाढतात. औषध जितके दिवस जास्त, तितकी ही निवड जास्त. महिन्या-दोन महिन्यांनी यांतलाच आतड्यातला ई. कोलाय हा जंतू मूत्रमार्गात चढला की तो पहिल्या औषधाला जुमानत नाही. म्हणजे गरजेपेक्षा जास्त दिवस घेतल्याने जंतू दाद देईनासे होतात, आणि जुनी ओळ नेमकी याच्या उलट सांगते. शिवाय क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जंतूचे जुलाब, अंगावर पुरळ, बुरशीचा संसर्ग यांची शक्यताही प्रत्येक जादा दिवसागणिक वाढते.

जुनी भीती आली कुठून, तेही सांगण्यासारखं आहे. १९४१ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डमध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला पेनिसिलिन टोचलं. तो झपाट्याने सुधारला. औषध इतकं थोडं होतं की त्याच्या लघवीतून ते परत काढून पुन्हा टोचत होते; तरी काही दिवसांत साठा संपला, संसर्ग उलटला आणि मार्चमध्ये तो गेला. १९४५ च्या नोबेल व्याख्यानात पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनेही इशारा दिला, पण तो होता कमी मात्रेबद्दल: जंतूंना मारणार नाही इतक्या थोड्या पेनिसिलिनमध्ये ठेवलं तर ते दाद देईनासे होतात. मात्रेबद्दलचा हा इशारा आजही खराच आहे. पुढे लोकांच्या डोक्यात ‘मात्रा कमी’ आणि ‘दिवस कमी’ यांची सरमिसळ झाली. अर्धी गोळी मोडून दुप्पट दिवस घेणं, हे दिवस कमी करण्यापेक्षा कितीतरी वाईट.

आणि ७ किंवा १४ च का? फार मोठा हिशेब त्यामागे नव्हता. आठवडा ७ दिवसांचा म्हणून. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. ३२१ मध्ये रविवारला विश्रांतीचा दिवस ठरवलं आणि आठवडा रूढ झाला. संसर्गरोगतज्ज्ञ त्याचं नाव घेऊन हेच सांगतात, की हे आकडे दिनदर्शिकेतून आलेत. आता चाचण्या झाल्यात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बॅलन्स’ चाचणीत रक्तात जंतू सापडलेले ३६०० हून अधिक रुग्ण होते. ७ दिवसांवाले १४ दिवसांवाल्यांपेक्षा मागे पडले नाहीत. मात्र स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूचे रुग्ण मुद्दाम वगळले होते. तो रक्तात सापडला तर किमान १४ दिवस, तेही शिरेतून, आणि हृदयाच्या झडपेवर बसला तर ४ ते ६ आठवडे. हाडातल्या संसर्गाला साधारण ६ आठवडे. असे आजार पत्रकात नकोत, पण ‘सगळं ५ दिवसांत होतं’ असा सूर लागू देऊ नका.

गुळवेल

टायफॉइड यात कुठे बसतो? ताप चौथ्या-पाचव्या दिवशीही असतो, लोक औषध लागू पडलं नाही म्हणून सोडून देतात.

सूक्ष्मदर्शी

टायफॉइड मधला आहे, क्षयरोग आणि लघवीच्या संसर्गाच्या मधोमध म्हणा. याचे जंतू यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा यांतल्या पेशींच्या आत दडतात. अझिथ्रोमायसिन पेशींत शिरून साठतं, म्हणून ७ दिवसांत भागतं. सेफिक्झिम पेशींत फारसं शिरत नाही, ते १४ दिवसांपर्यंत द्यावं लागतं, आणि ७ दिवसांवर थांबवलं तर आजार उलटण्याची शक्यता वाढते. सेफिक्झिम किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्झोनवर ताप पूर्ण उतरायला ५ ते ७ दिवस सहज लागतात. रोजचा सर्वोच्च ताप लिहून ठेवला तर आकडा पायरीपायरीने खाली येताना दिसतो: ४०, ३९.६, ३९.१ असा. तो येत असेल तर औषध चालतंय. बरं झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप परत आला तर पुन्हा रक्ताचं कल्चर. उरलेल्या गोळ्या नव्हे.

चिमुकली_ओपीडी

वरच्या चर्चेत मुलं हरवू नयेत, म्हणून लिहितेय. ‘कमी दिवस चांगले’ हे मुलांच्या बाबतीत सरसकट लावता येत नाही, आणि त्याचा पुरावाही तितकाच पक्का आहे.

कान. ६ ते २३ महिन्यांच्या, मधल्या कानाचा संसर्ग पक्का ठरलेल्या मुलांना अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट ५ दिवस आणि १० दिवस देऊन पाहिलं. २०१६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ५ दिवसांच्या गटात उपचार फसले ३४ टक्के मुलांत, १० दिवसांच्या गटात १६ टक्के. दुपटीहून जास्त. म्हणून दोन वर्षांखाली १० दिवस. २ ते ५ वर्षं आणि आजार फार तीव्र नसेल तर ७, सहाच्या पुढे ५ ते ७. मोठ्या मुलाचा एकच कान दुखतोय, ताप ३९ च्या खाली आहे, तर दुखणं कमी करणारं औषध देऊन ४८ ते ७२ तास थांबणं हाही योग्य उपचार आहे.

घसा. बहुतेक दुखरे घसे विषाणूंमुळे असतात. नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, तर अँटिबायोटिकचा प्रश्नच नाही. स्ट्रेप्टोकॉकस हा जंतू ठरला तर पेनिसिलिन व्ही किंवा अमॉक्सिसिलिन १० दिवस. का १०? घसा तिसऱ्या दिवशी बरा होतो, पण आपण खरं तर संधिवाताचा ताप टाळण्यासाठी, म्हणजे त्यातून हृदयाच्या झडपा खराब होऊ नयेत म्हणून देत असतो. घशातून जंतू पुरते हटावे लागतात. २०१९ मध्ये स्वीडनमधली चाचणी आली: पेनिसिलिन व्ही ८०० मिलिग्रॅम दिवसातून चारदा ५ दिवस, विरुद्ध १००० मिलिग्रॅम तीनदा १० दिवस. ६ वर्षांपुढची मुलं आणि मोठी माणसं त्यात होती. घसा बरा होण्यात ५ दिवस मागे पडले नाहीत, पण घशातून जंतू हटण्याचं प्रमाण ५ दिवसांत कमी होतं. जिथे संधिवाताचा ताप अजून होतो तिथे १० दिवसच पाळावेत असं माझं स्पष्ट मत आहे. मूल १० दिवस औषध घेणारच नाही असं दिसत असेल तर बेन्झाथिन पेनिसिलिनचं एकच इंजेक्शन: २७ किलोच्या खाली ६ लाख युनिट, वर १२ लाख. आणि उशीर होईल या भीतीने तपासणी टाळू नका. लक्षणं सुरू झाल्यापासून ९ दिवसांच्या आत औषध सुरू झालं तरी संधिवाताचा ताप टळतो.

आता मात्रा, कारण दिवसांपेक्षा इथे जास्त चुका होतात. कानासाठी अमॉक्सिसिलिन किलोला रोज ८० ते ९० मिलिग्रॅम, दोन वेळा विभागून. १२ किलोचं मूल, ८० धरले तर दिवसाचे ९६०, एका वेळेचे ४८० मिलिग्रॅम. बाटली ५ मिलीत ४०० मिलिग्रॅमची असेल तर एका वेळी ६ मिली. ५ मिलीत २५० ची असेल तर ९.६ मिली. ५ मिलीत १२५ ची असेल तर १९.२ मिली, म्हणजे मूल थुंकणारच. तेच औषध, तोच चमचा, पण बाटली बदलली की मात्रा निम्मी किंवा तिप्पट होते. ‘एक चमचा दोनदा’ असं पत्रकात कुठेही लिहू नका. मिलीच लिहा आणि तोंडाने द्यायची खुणांची सिरिंज सांगा.

शिवाय गणित पुढे न्या. ९.६ मिली दिवसातून दोनदा १० दिवस म्हणजे १९२ मिली. ६० मिलीची एक बाटली चौथ्या दिवशी पहिल्याच डोसाला संपते, आणि घरी समजतात की बाटली संपली म्हणजे औषध संपलं. एकूण किती बाटल्या लागतील हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

मात्रा

बाटलीवरून पुढे. पावडर असलेली बाटली आधी उलटसुलट हलवून पावडर सुटी करायची. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी निम्मं घालून जोरात हलवायचं, फेस बसू द्यायचा, मग खुणेपर्यंत उरलेलं पाणी. सगळं पाणी एकदम ओतलं की तळाशी गठ्ठा राहतो. पहिले डोस पातळ आणि शेवटचे जाड होतात. एकदा कालवलं की घड्याळ सुरू. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट फ्रिजमध्येच ठेवायचं, फ्रीझरमध्ये नाही, आणि लेबलवर ७ किंवा १० जे काही दिवस लिहिलेत त्यानंतर ओतून टाकायचं. १० दिवसांचा कोर्स आणि ७ दिवस टिकणारी बाटली असेल तर दुसरी बाटली आजच कालवू नका.

मोठ्यांत सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो पट्टीचा. दिवसातून तीनदा ५ दिवस म्हणजे १५ कॅप्सूल. पट्टी १० ची. एक पट्टी संपते चौथ्या दिवशी सकाळी, आणि तिथेच थांबतात. उलट दिवसातून दोनदा ३ दिवस म्हणजे ६ गोळ्या. पट्टीत १०, म्हणून पाचव्या दिवसापर्यंत घेत राहतात. पट्टीचा आणि आजाराचा संबंध नाही. पत्रकात ‘एकूण गोळ्या ____’ अशी रिकामी जागा ठेवा.

दिवस मोजण्यापेक्षा डोस मोजा. सोमवारी रात्री पहिली गोळी, दिवसातून दोनदा, ५ दिवस: १० डोस होतात शनिवारी सकाळी. शुक्रवारी रात्री नाही. आणि मधे कल्चरचा अहवाल येऊन औषध बदललं तर मोजणी नव्या, लागू पडणाऱ्या औषधापासून नव्याने. गळूचा निचरा उशिरा झाला तर निचऱ्याच्या दिवसापासून. हे डॉक्टर बहुधा सांगतात, पण कागदावर येत नाही.

दोन गोळ्यांमधलं अंतर. अमॉक्सिसिलिनची रक्तातली पातळी साधारण तासाभरात निम्मी होते, म्हणून ‘तीनदा’ म्हणजे दर ८ तासांनी: सकाळी ६, दुपारी २, रात्री १०. सकाळ-दुपार-संध्याकाळ असं ८, १, ७ ला घेतलं तर रात्रीचे १३ तास रिकामे जातात. अझिथ्रोमायसिनचं उलटं: ते शरीरातून निम्मं व्हायला ६८ तास लागतात. म्हणून दिवसातून एकदा, आणि ३ दिवस घेतलं तरी ऊतींत पुढे कित्येक दिवस काम करतं. ‘तीनच गोळ्या? आणखी दोन घेतो’ म्हणणाऱ्यांना हे सांगावं लागतं.

डोस चुकला तर आठवल्याबरोबर घ्या. पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडा. दोन एकदम कधीच नाही. चुकलेला डोस शेवटी जोडून एकूण संख्या पुरी करा.

कशाबरोबर घ्यायचं हेही दिवसांइतकंच महत्त्वाचं. सिप्रोफ्लॉक्सासिन दुधाबरोबर, कॅल्शियम, लोह किंवा आम्लपित्ताच्या पातळ औषधाबरोबर घेतलं की पोटातच बांधलं जातं, रक्तात पोचत नाही. त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्या. डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. घोटभर पाण्यावर गिळून झोपलं तर कॅप्सूल अन्ननलिकेला चिकटून तिथे जखम करते. नायट्रोफ्युरँटॉइन जेवणाबरोबर, लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, त्याला घाबरून बंद करू नये. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर, जुलाब कमी होतात.

निर्मळ

सगळ्यांचे मनापासून आभार. एक अडचण उरते. तिसऱ्या दिवशी ठणठणीत वाटलं तर थांबायचं का? वरच्या चाचण्या वाचून कोणीही ‘हो’ म्हणेल.

सातवा_मजला

स्वतःहून नाही. चाचण्यांत थांबवलं ते तपासून, ताप-नाडी-श्वास मोजून, आणि कोणाला थांबवायचं नाही हे आधीच ठरवून. दाताच्या गळूत तर मार्गदर्शक सूचनेतच आहे की तिसऱ्या दिवशी पुन्हा बघा आणि लक्षणं पूर्ण गेल्यावर २४ तासांनी थांबवा. पण तिथेही बघणारा दंतवैद्य असतो. म्हणून पत्रकात लिहा: ‘लवकर बरं वाटलं तर फोन करून विचारा.’ फोनवर सांगायच्या गोष्टीही द्या: औषधाचं नाव आणि ताकद, किती डोस झाले, शेवटचा ताप कधी आणि किती, आणि आधी होता तो त्रास किती उरलाय. एवढं कळलं तर बरेचदा फोनवरच ‘थांबवा’ किंवा ‘पुरे करा’ सांगता येतं.

उलट बाजूही हवी. ४८ ते ७२ तासांत काहीच उतार नाही, तर दिवस वाढवणं हे उत्तर नसतं. निदान चुकलं असेल, जंतू या औषधाला दाद देत नसतील, आत पू असेल, किंवा गोळी दुधाबरोबर जात असेल. पुन्हा तपासणी. आणि चेहरा-ओठ सुजणं, श्वासाला धाप, अंगभर गांधी यांसाठी फोन नाही, थेट तातडीच्या विभागात. शरीराला फोड येऊन तोंड-डोळे सोलवटले तरी तेच. पातळ जुलाब दिवसात तीन-चारदा झाले, मग कोर्स संपून दोन-तीन आठवडे झाले असले तरी, कळवायला सांगा.

निर्मळ

मसुदा असा झालाय, बघा:

‘अँटिबायोटिक किती दिवस घ्यायचं हे आजार, औषध आणि तुमची प्रकृती यांवर ठरतं. तुमच्यासाठी: औषध ____, एका वेळी ____, दर ____ तासांनी, एकूण डोस ____. तेवढेच घ्या. लवकर बरं वाटलं तर स्वतः बंद करू नका, फोन करा. तीन दिवसांत उतार नसेल तर परत या. मनाने दिवस वाढवू नका. टीबीची औषधं मात्र डॉक्टरांनी थांबवायला सांगेपर्यंत एक दिवसही चुकवू नका. उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी ठेवा नका, दुसऱ्याला देऊ नका.’

मात्रा

‘ठेवा नका’चं ‘ठेवू नका’ करा. आणि ‘एका वेळी ____’ च्या पुढे ‘गोळ्या / मिली’ असं छापा, म्हणजे त्यांतलं एक खोडावंच लागेल. नाहीतर तिथे कोणीतरी नुसता ‘५’ लिहील, आणि घरी तो चमचा होईल.